लीडच्या पॅकेजला पैसे भरावेत का? खान्देशातल्या बागकामवाल्यांसाठी

मृग जवळ आला की लीड, म्हणजे काम करून हवं असणाऱ्या गिऱ्हाइकांचे नंबर, विकणाऱ्या कंपन्यांचे फोन सुरू होतात. "मॅडम, तुमच्या भागात गार्डनिंगला फार मागणी आहे, पॅकेज घ्या, रोज एन्क्वायरी येतील." आमच्या जळगावच्या कामात साइट आणि माणसं मालक सांभाळतात, फोन आणि हिशेबाची वही माझ्याकडे. नवीन काम सुरू केलेली मुलं मला हाच प्रश्न विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. पॅकेज फायद्याचं ठरू शकतं, पण ठरावीक कामासाठी, ठरावीक महिन्यांत, आणि फोन उचलायला घरात माणूस असेल तरच.

आधी हे चालतं कसं ते बघा. भुसावळचा एखादा गृहस्थ मोबाइलवर लॉन लावून देणारे शोधतो आणि आपला नंबर टाकतो. तो नंबर बहुतेक वेळा एकट्या तुम्हाला मिळत नाही, चार-पाच जणांना एकदम जातो. तुम्ही पैसे भरता ते त्या नंबरचे, कामाचे नाही. काही ठिकाणी वर्षाचं पॅकेज असतं, काही ठिकाणी प्रत्येक लीडमागे पैसे कापतात. प्रत्येक वेबसाइटचा स्वभावही वेगळा. इंडियामार्टवर घाऊक माल घेणारे जास्त, त्यामुळे रोपं विकणाऱ्या नर्सरीला ते जवळचं. घरची बाग करून हवी असणारा माणूस जस्टडायल किंवा गुगलवर शोधतो. नर्सरी आणि बागकाम दोन्ही करत असाल, तर कशासाठी गिऱ्हाईक हवंय ते आधी ठरवा.

आता आकडे. धरा, पॅकेज 18,000 रुपयांचं आहे. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 21,240. आपल्यापैकी बहुतेकांची उलाढाल 20 लाखांच्या आत, जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे तो कर परत मिळत नाही. तो खर्चातच धरायचा. समजा 60 नंबर आले, निम्म्यांशी बोलणं झालं, आठ ठिकाणी साइट बघायला गेलात आणि तीन कामं मिळाली. एका कामामागे 7,080 रुपये गेले, पेट्रोल वेगळं. चाळीस हजारांच्या लॉनच्या कामात माती, शेणखत, गवत आणि मजुरी जाऊन आठ-दहा हजार उरत असतील, तर हातात काय राहिलं? पण त्याच गिऱ्हाइकाने महिन्याला 1,500 रुपयांची देखभाल वर्षभरासाठी दिली, तर चित्र बदलतं. म्हणून माझं ठाम मत आहे: एकदा गवत कापून देणं, कुंपणाची छाटणी, दोन कुंड्या बदलणं, अशा कामांसाठी लीड विकत घेऊ नका. नवीन बंगल्याची पूर्ण बाग, टेरेस गार्डन, शाळा-दवाखान्याची वार्षिक देखभाल, एवढ्यासाठीच घ्या. कंपनीच्या यादीत 'माळी' आणि 'लँडस्केप' असे वेगळे प्रकार असतील तर 'माळी' काढून टाकायला सांगा.

महिना चुकला तर चांगलं पॅकेजही वाया जातं. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे पंचेचाळीस अंशांची गोष्ट. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला वास्तुशांती होतात, चौकशीही होते, पण त्या उन्हात लॉन कोण लावणार? खरं काम जून ते सप्टेंबर आणि पुन्हा दिवाळीनंतर थंडीत. मार्च संपताना टार्गेट गाठायला सेल्सवाले मोठी सूट देतात. ती घेतलीत तर पहिले दोन महिने नुसत्या चौकशीत जातात. घ्यायचंच तर तीन महिन्यांचं मागा, जूनपासून सुरू होणारं.

फोनबद्दल जरा जास्त लिहिते, कारण काम इथेच मिळतं किंवा जातं. चार जणांना नंबर गेलाय, त्यात जो पहिल्या पाच-दहा मिनिटांत बोलतो त्याच्याशी माणूस मोकळेपणाने बोलतो. चौथा फोन येईपर्यंत तो वैतागलेला असतो. ज्याचे हात दिवसभर मातीत, त्याने लीड येतात तो फोन स्वतःकडे ठेवू नये. बायको, बहीण, कॉलेजात जाणारा मुलगा, कुणाकडे तरी द्यावा.

पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, कितला पैसा लागतीन?" लगेच फुटाचा भाव सांगू नका. मी आधी विचारते, जागा केवढी, घर स्वतःचं की भाड्याचं, आणि पाणी कुठलं. पाण्याचा प्रश्न सगळ्यात कामाचा. समजा 30 बाय 20 फुटांची जागा आहे, म्हणजे साधारण 56 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. उन्हाळ्यात दिवसाला सात मिलिमीटर धरलं तरी रोज जवळपास 390 लिटर लागतात. बोअर आहे का? की नळाचंच पाणी, तेही दिवसाआड? हा हिशेब फोनवर मांडला की नुसती विचारपूस करणारा आपोआप गळतो आणि खरा गिऱ्हाईक थांबतो. त्याला कळतं की हा माणूस मे महिन्याचाही विचार करतोय. पाणी कमी असेल तर लॉन छोटं ठेवून बाकी जागेत बोगनवेल, कण्हेर आणि ठिबक सुचवते. मग व्हॉट्सॲपवर जागेचे फोटो मागवायचे आणि त्यानंतरच गाडी काढायची. भाव साइट बघूनच द्या. काळ्या मातीत निचरा कसा करणार हे न बघता जो स्वस्तात बोलतो, त्याचं लॉन पहिल्या मोठ्या पावसात पाण्याखाली जातं.

पैसे भरण्याआधी सेल्सवाल्याकडून चार गोष्टी ईमेलवर लिहून घ्या: एक लीड किती जणांना जाते, कोणत्या पिनकोडच्या लीड येतील, बंद किंवा चुकीच्या नंबरचे पैसे परत मिळतात का, आणि मध्येच थांबवायचं असेल तर काय. तोंडी आश्वासन मोजू नका. तुम्ही जळगाव शहरात असाल आणि चाळीसगाव-शहाद्यासारखी लांबची गावं धरून नंबर येणार असतील, तर त्यांचा उपयोग नाही.

पॅकेज घ्या किंवा घेऊ नका, फुकटचं आधी करा. गुगलवर व्यवसायाची नोंदणी मोफत होते. तिथे स्वतःच्या कामाचे आधीचे-नंतरचे फोटो टाका आणि काम झालं की त्याच दिवशी गिऱ्हाइकाकडून दोन ओळी लिहून घ्या. बोअर मारणारे, ठिबक जोडणारे प्लंबर आणि टाइल्सचे दुकानदार यांना भेटत राहा. जळगावात ठिबकचं काम भरपूर चालतं, आणि कुठल्या बंगल्याला बाग करायची आहे हे प्लंबरला आपल्याआधी कळतं. अशा ओळखीतून आलेला गिऱ्हाईक आणखी चौघांचे भाव सहसा मागवत नाही.

पॅकेज घेतलंच, तर वहीत पाच रकाने आखा: तारीख, गाव, बोलणं झालं का, साइट बघितली का, काम मिळालं का. ओळखीतून आलेली कामं वेगळ्या पानावर लिहा. तीन महिन्यांनी एका कामामागचा खर्च काढा आणि तो कामातल्या शिल्लकेच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त निघाला तर नूतनीकरण करू नका. दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी दिली असेल, तर नुसतं कंपनीला कळवून थांबू नका. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून ती परवानगी स्वतः रद्द करा, बँकेतून दिली असेल तर बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.