मंगळावर जायची तयारी : आधी पाकिटं, मग बाकीचं

गेल्या जानेवारीत आमच्या शाळेच्या सभागृहात 36 तासांचा मंगळ मांडला होता. नववीच्या सहा मुली आत, म्हणजे मंगळावर, आम्ही शिक्षक बाहेर प्रयोगशाळेत, म्हणजे पृथ्वीवर. तो प्रयोग माझ्या चुकीने फसला. येत्या जानेवारीत पुन्हा मांडतोय, या वेळी 48 तासांचा. आजूबाजूच्या शाळांतल्या दोघी-तिघी विज्ञानशिक्षिकांनी काय काय लागतं असं विचारलंय, म्हणून हे लिहून ठेवते. वेळ नसेल तर बाकी सगळं सोडा आणि पाकिटांचा, म्हणजे उशिरा पोचणाऱ्या चिठ्ठ्यांचा, भाग वाचा.

जागा, वीज, पालकांची संमतिपत्रं, मुख्याध्यापकांची सही, अंथरुणं, कचऱ्याची पिशवी हे सांगायला नको. कुणाला दमा असेल तर तिचा पंप आत गेलाय का, हे मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एक मोठं माणूस रात्रभर आत हवंच. आमच्याकडे एक माजी विद्यार्थिनी राहणार आहे. तिने तोंडातून एक सूचनाही काढायची नाही, ही तिच्यावरची मुख्य जबाबदारी.

आता पाकिटं. गेल्या वर्षी मी पाण्याचे कॅन मोजून ठेवले होते, जुन्या रेनकोटांचे स्पेससूट शिवून घेतले होते, भिंतीवर मंगळाचा नकाशा होता. मंगळावर संदेश उशिरा पोचतो, तो उशीर तेवढा आणला नाही. आत एक फोन ठेवला, बाहेर एक. रात्री बारा वाजता ठरल्याप्रमाणे मुलींना चिठ्ठी मिळाली, ‘हवेचा दाब घटतोय’. दोन मिनिटांत फोन आला, “बाई, गळती शोधू की आधी टाकी बदलू?” मी तिथल्या तिथे सांगितलं, “आधी मधलं दार लावा.” झालं. त्यानंतर त्यांनी एकही गोष्ट स्वतः ठरवली नाही. सकाळी वही काढून मोजले तर 47 फोन झाले होते. शेवटचा फोन होता लाडू आता खायचे की नंतर, हे विचारायला. आणि तो केला होता आमच्या कमांडरने, एरवी वर्गात माझ्याशी प्रत्येक मुद्द्यावर वाद घालणाऱ्या मुलीने. तिचं काहीच चुकलं नव्हतं. विचारलं की क्षणात उत्तर मिळतं हे मीच तिला शिकवलं होतं, आणि ठरवण्याची तिची संधी 47 वेळा काढून घेतली होती.

मंगळावर असं होऊच शकत नाही. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, तरी मंगळ जवळ असताना त्यांना तीनेक मिनिटं लागतात आणि तो सूर्यापलीकडे असताना 22 मिनिटांपर्यंत. ही वेळ नुसती जाण्याची. उत्तर यायला तेवढीच परत. म्हणजे ‘ऐकू येतंय का?’ एवढं विचारून ‘हो’ ऐकायला पाऊण तास लागू शकतो. कितीही मोठा अँटेना लावा, यात एक सेकंदही वाचत नाही.

आपल्या मंगळयानाचं उदाहरण मुलींना आधी नीट सांगा, गोष्ट म्हणून नव्हे, तयारी म्हणून. 24 सप्टेंबर 2014 च्या सकाळी यान मंगळाच्या कक्षेत शिरलं, तेव्हा संदेशाला एका बाजूने साधारण साडेबारा मिनिटं लागत होती. साधारण 24 मिनिटं इंजिन चालायचं होतं आणि त्यातला काही वेळ यान मंगळाच्या आड असणार होतं. बंगळुरूहून त्या वेळी काही सांगणं शक्यच नव्हतं. सगळ्या आज्ञा कित्येक दिवस आधी चढवून ठेवलेल्या होत्या. सुमारे 300 दिवस बंद असलेलं मुख्य इंजिन दोन दिवस आधी चार सेकंद चालवून पाहिलं होतं. यानाला जे करायचं होतं ते त्याच्याजवळ आधीच होतं. माणसं गेली तर त्यांच्याजवळही आधीच असावं लागेल, आणि माणसाला घबराट होते, यानाला होत नाही.

म्हणून दोन डबे ठेवा, ‘पृथ्वीकडे’ आणि ‘मंगळाकडे’. मधे एक डाकवाला. तो दहावीतला, गप्प राहणारा आणि घड्याळ बघणारा निवडा. चिठ्ठी पाकिटात घालायची, पाकिटावर टाकल्याची वेळ लिहायची, बरोबर 12 मिनिटांनी ती पलीकडे द्यायची. अकरा नाही. ‘तातडीचं’ लिहिलं असलं तरी नाही. तातडीचं असलं तरी प्रकाश लवकर पोचत नाही. फोन सगळे बंद करून कार्यालयाच्या कपाटात, शिक्षकांचेही. शिक्षकांचे आधी. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवा, कारण मोठी माणसं ‘फक्त बघून येतो’ म्हणून जातात आणि खिडकीतून खुणा करतात. खूण हासुद्धा संदेशच आहे, तिलाही 12 मिनिटं लागली पाहिजेत.

चिठ्ठीत तीन गोष्टी हव्यातच. काय झालं, तुमचं उत्तर येईपर्यंत आम्ही काय करतोय, आणि काय दिसलं तर आम्ही आमचा विचार बदलू. ‘काय करू?’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी डाकवाल्याने परत करायची. याचा सराव आठवडाभर आधी घ्या, तासाला, वर्गातच. आम्ही पहिल्यांदा घेतला तेव्हा पृथ्वीवर बसलेल्या गणिताच्या सरांनाच राहवेना, उठून सांगायला निघाले. पृथ्वीवरच्यांचा सराव जास्त लागतो. मी स्वतः हात मांडीखाली घेऊन बसणार आहे.

खरं संकट आलं तर काय? खिडकीच्या गजाला लाल ओढणी. लाल ओढणी दिसली की प्रयोग संपला, दार उघडा, धावा. हे सगळ्यांना पाठ हवं.

खाणं. दशम्या, तिळाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, चिवडा, खजूर. गॅस नाही, फार तर विजेची किटली. सगळं आधी वजन करून, दिवसांप्रमाणे बांधून. मंगळाचं गणित मुलींकडून करून घ्या: जायला साधारण आठ-नऊ महिने, पण पोचल्यावर लगेच परतता येत नाही, कारण पृथ्वी पुढे निघून गेलेली असते. दोन्ही ग्रह जाण्यासाठी सोयीच्या जागी 26 महिन्यांतून एकदाच येतात. थांबणं धरून अडीच-तीन वर्षं होतात. मधे वाण्याकडे जाता येत नाही. एका मुलीने गेल्या वर्षी दुसऱ्या दिवसाचे लाडू पहिल्या रात्री वाटून टाकले (मला विचारून, फोनवर). या वर्षी तिने ते स्वतः ठरवावं आणि दुसऱ्या दिवशी चिवड्यावर भागवावं.

पाणी मोजून. अंतराळ स्थानकात घाम, श्वासातली वाफ आणि लघवी शुद्ध करून पुन्हा वापरतात, आणि 2023 मध्ये ते प्रमाण 98 टक्क्यांवर पोचलं. हे ऐकून मुली तोंड वाकडं करतात, करू द्या, पण उरलेले दोन टक्के तीन वर्षांत किती होतात ते काढायला लावा.

पाण्याचे कॅन भिंतीला लावून ठेवू नका, मधे एक छोटी जागा सोडून तिच्याभोवती रचा. सौरवादळाची चिठ्ठी आली की सहाही जणींनी त्या जागेत शिरायचं. पाण्यात हायड्रोजन भरपूर, त्यामुळे सूर्याकडून येणारे प्रोटॉन अडवायला ते चांगलं. ऑगस्ट 1972 मध्ये असं मोठं वादळ झालं होतं. चंद्रावर गेलेली अपोलो 16 परतली होती आणि 17 निघायची होती, म्हणून वाटेत कुणी नव्हतं. दीर्घिकेतून येणारे वैश्विक किरण मात्र पाण्यानेही पुरते थांबत नाहीत. क्युरिऑसिटी ही नासाची गाडी मंगळाकडे जाताना तिच्यावरच्या उपकरणाने दिवसाला सुमारे 1.8 मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणारं किरणोत्सर्गाचं माप) मोजले. पृथ्वीवर आपल्याला निसर्गातून वर्षभरात सरासरी 2.4 मिळतात. फळ्यावर हे दोन आकडे शेजारी लिहा, बाकी काही बोलायची गरज नाही. आणि वादळाची चिठ्ठीही पाकिटातूनच येते हे विसरू नका! पृथ्वीने सांगितल्यावर आत शिरू म्हणाल तर उशीर झालेला असेल. आतल्या मुलींजवळ मोजायचं काहीतरी हवं. आम्ही एक दिवा ठेवतोय, तो मिचकायला लागला की त्यांनी स्वतः ठरवायचं.

धूळ. सूट घालून मैदानावर जायचं, दगड गोळा करायचे, परत येताना मधल्या खोलीत ब्रशने एकमेकींना झाडायचं, मगच आत. अपोलो 17 च्या हॅरिसन श्मिट यांना चंद्राच्या धुळीने नाक चोंदून शिंका आल्या होत्या. मंगळाच्या मातीत त्याशिवाय परक्लोरेट क्षार आहेत, 2008 मध्ये फिनिक्स यानाला सापडले, आणि ते थायरॉइडला घातक. दगड मात्र दुसरे आणायला जाऊ नका. आपल्या माळावरचा काळा दगड बेसॉल्ट आहे आणि मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसॉल्टचा. लोणारचं विवर उल्केच्या आघाताने बेसॉल्टात झालेलं, पृथ्वीवर असं फार क्वचित सापडतं, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे तिथे येतात. जमलं तर आधी तिथे सहल न्या. आम्हाला एसटी मिळाली नाही.

दुखणं. प्रथमोपचार पेटी, आणि पेटीत काय आहे ते ओळखणारी एक मुलगी. ‘पायाला जखम, रक्त थांबत नाही’ अशी चिठ्ठी एकदा द्याच. डॉक्टरांचं उत्तर 24 मिनिटांनी येणार. रक्त तेवढा वेळ थांबत नाही.

माणसं. मला याची सगळ्यात जास्त काळजी. मंगळप्रवासाचा सराव म्हणून मॉस्कोत 2010-11 मध्ये सहा जण 520 दिवस बंद राहिले, ह्यूस्टनमध्ये 2023-24 मध्ये चौघे 378 दिवस. दोन्हीकडे संदेशांत मुद्दाम उशीर ठेवला होता. आईशीही बोलणं होत नाही, चिठ्ठीच. गेल्या वर्षी एका आईचा फोन मी आत जोडून दिला आणि त्यानंतर मुलगी रात्रभर रडली. या वर्षी आयांना आधीच पाकिटं दिली आहेत. मंगळ सूर्याआड गेला की दोनेक आठवडे आज्ञा पाठवणंच थांबवतात, म्हणून शनिवारी दुपारी तीन तास डाकवाल्यालाही सुट्टी. त्या तीन तासांत आत काय झालं ते मुलींनी वहीत लिहायचं.

उतरणं. खुर्च्या, उलटी मोजणी, सात मिनिटं शांतता (वातावरणात शिरून जमिनीला टेकायला साधारण तेवढीच लागतात). हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, पॅराशूट पुरत नाही. आजवर उतरवलेलं सगळ्यात जड यंत्र टनभराचं. माणसांसाठी कित्येक टन लागतील. एवढं सांगा आणि पुढे चला.

परत येणं. इंधन जाळायला लागणारा ऑक्सिजन तिथेच बनवावा लागेल. पर्सिव्हिअरन्स या नासाच्या मंगळगाडीवरच्या मॉक्सी या ऑक्सिजन बनवणाऱ्या यंत्राने 2021 ते 2023 मध्ये सगळा मिळून 122 ग्रॅम बनवला. वजनकाट्यावर 122 ग्रॅम साखर ठेवून दाखवा.

रविवारी संध्याकाळी दार उघडेल तेव्हा शेवटची एक-दोन पाकिटं वाटेतच असतील. मुली बाहेर उभ्या असल्या तरी ती वेळेआधी फोडायची नाहीत. डाकवाल्याच्या घड्याळात नवे सेल, आणि एक जादा घड्याळ.