पोवळ्यासारखा शैवाक: स्फेरोफोरस ओळखावा कसा

शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल एकत्र राहून बनलेला जीव. गोडा मसाल्यातलं दगडफूल हाही शैवाकच, पण पानासारखा पसरट. स्फेरोफोरस मात्र पोवळ्याच्या इवल्या झुडपासारखा उभा वाढतो. स्कॉटलंडच्या ओलसर डोंगरांत दगडांवर, शेवाळात तो सहज सापडतो.

सुका नमुना हातात घेताच कडाकड मोडतो, म्हणून आधी पाणी शिंपडून नरम होऊ द्या. मग ब्लेडने फांदी आडवी कापा. आतून भरीव हवी. पोकळ निघाली तर तो क्लॅडोनिया, म्हणजे वेगळाच शैवाक. फांद्या चपट्या असतील तर बुनोडोफोरॉन हा जवळचा वंश असण्याची शक्यता जास्त.

आता कापाच्या पांढऱ्या गाभ्यावर लुगोल आयोडीनचा (आयोडीनच्या द्रावणाचा) एक थेंब. गाभा निळा झाला तर स्फेरोफोरसची ग्लोबोसस ही जात, नाही तर फ्रॅजिलिस ही जात. थेंब सालीवर पडला तर निकाल फसवा येतो. नवशिक्यांची चूक बहुधा इथेच होते.

टोकाला गोल फळ असेल तर हलकेच बोट लावा. काजळीसारखी काळी पूड लागते, ते बीजाणू. या पुडीमुळेच हा वंश पूर्वी कॅलिसिएलीझ गणात घातला होता. डीएनएने ते नातं खोडलं. आज तो लेकॅनोरेलीझ गणात, स्फेरोफोरेसी कुळात आहे. फळं क्वचितच येतात, त्यामुळे भिस्त आयोडीनवरच ठेवा.