लाईट आली रे! म्हणजे नक्की काय?

पुतण्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, अभिधा लक्षणा व्यंजना, म्हणजे शब्दाच्या अर्थ देणाऱ्या तीन शक्ती, घोकून घोकून पार वैतागला होता, मग त्याला ओट्यावर बसवून जे सांगितलं तेच इथे टाकतोय.

रात्रीचे दोन वाजलेत, आमच्या केळीच्या पट्ट्यात बाप ओरडतो, "लाईट आली रे!" आता वीज आली हा झाला वाच्यार्थ, म्हणजे सरळ अर्थ, तो देणारी शब्दाची शक्ती म्हणजे अभिधा. पण पोरगं काय ऐकतं? ऊठ, बॅटरी घे, मळ्यात जा अन् मोटार चालू कर. यातला एक शब्द बाप बोललेला नाही तरी पोराला कळलं ना, ती व्यंजना. तेच ऐकून आजी म्हणते, चला, पंखा तरी फिरेल. म्हंजे ऐकणारा बदलला की व्यंग्यार्थ (न बोलता कळलेला अर्थ) बदलतो, वाच्यार्थ मात्र तोच.

आता दुसरं, "सगळं रावेर स्टेशनवर लोटलं होतं." गाव उठून चालत येतं का कुठं? सरळ अर्थ बसतच नाही म्हणून आपण रावेरची माणसं असा अर्थ घेतो, ही लक्षणा. गोंधळ झाला की एवढंच बघायचं, सरळ अर्थ अडला तर लक्षणा, अन् न अडता वरून आणखी काही सांगून गेला तर व्यंजना. (ढोबळ आहे, पण भागतं.)

बाकीचं पटकन. संस्कृतातून जसाच्या तसा आला तो तत्सम, जसं जल, पुत्र. झिजून आला तो तद्भव, हस्तचा हात, कदलीची केळ. दाते-कर्वेंच्या महाराष्ट्र शब्दकोशात (१९३२-३८) अर्थाआधी 'ल.' दिसलं तर तो लाक्षणिक अर्थ, 'फा.' म्हणजे शब्द फारसीतला. समानार्थी शब्द मात्र जपून वापरा, पाणी आणि जल एकच म्हणून बांधावर "केळीला जल दिलं का" विचारून बघा बरं!

अन् शब्द फोडला की अर्थ निघतोच असं नाही, लोकांच्या तोंडी बसलेला तो रूढ अर्थ. आमची पुण्याची वहिनी कांदेबाग बघायला आली, ऑक्टोबरच्या आसपास लावलेली केळी ती, अन् विचारते कांदे कुठंयत? जून-जुलैतल्या लागवडीला मृगबाग म्हणतात, मृग नक्षत्रावरून, हे तिला सांगितलं तर म्हणे बरं झालं, मी हरणं विचारणार होते.