बामणोली-तापोळ्याला पाण्याकाठी जेवायचं तर

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावरच्या घरगुती खानावळींत बऱ्याचदा सांगितल्यावरच चूल पेटते. म्हणून बोटीत बसण्याआधी ऑर्डर द्या: ताटं किती, भाकरी तांदळाची की ज्वारीची, तिखट कितपत. फिरून येईपर्यंत रस्सा मुरतो. भूक लागल्यावर सांगितलंत तर घाईत तळलेला मासा वरून करपतो नि काट्यापाशी कच्चा राहतो.

मासा कापण्याआधी बघून घ्या. कल्ले लालभडक, डोळे फुगीर, बोटानं दाबलेलं मांस लगेच वर यायला हवं. कल्ले तपकिरी दिसले तर बिनधास्त पिठलं-भाकरी मागवा, तीही इथे झकास लागते. कटला, रोहू हे गोड्या पाण्यातले मासे. पाठीच्या नि शेपटीच्या तुकड्यांत बारीक, टोकाला दोन फाटे फुटलेले काटे फार. मुलांना पोटाकडचा तुकडा द्या. तिथले काटे लांब, बरगडीसारखे. ओढले की निघतात. तरीही घास आधी बोटांनी चाचपा, मगच भाकरीत घ्या.

भाव ताटावर की तुकड्यावर, हे आधीच ठरवा. रेंजचा भरवसा नाही, रोख रक्कम ठेवा. पावसाळ्यात वाटेतल्या कासच्या पठारावर दाट धुकं उतरतं, तेव्हा साताऱ्याकडे उजेडातच निघा.