मुलांवर वजनकाट्याचा शिक्का बसू नये म्हणून

दहा वर्षांची मुलगी, उंची १३८ सेंटिमीटर, वजन ३१.५ किलो. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, येतो १६.५. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलींचा मध्य १६.६ आहे, म्हणजे वजन वयाला अगदी साजेसं. पण मोठ्यांचं माप लावणारं वजनकाट्याचं ॲप तिला ‘अंडरवेट’ ठरवतं, कारण मोठ्यांसाठी १८.५ च्या खाली सगळंच कमी. उलटही घडतं. याच वयाच्या मुलीचा बीएमआय २२ असेल तर ॲप हिरव्या रंगात ‘नॉर्मल’ लिहितं. मुलांच्या तक्त्यात मात्र ती स्थूलतेच्या रेषेजवळ, २२.६ जवळ, आलेली असते.

हा घोळ जुनाच आहे. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या दहा वर्षांच्या एका मुलीला निन्टेन्डोच्या ‘वी फिट’ खेळानं जाड ठरवलं, आणि कंपनीला माफी मागावी लागली. त्या खेळात बीएमआयनुसार पडद्यावरची बाहुलीही फुगायची. आता तसाच शिक्का घरोघरच्या ब्लूटूथ वजनकाट्यांतून फोनवर येतो.

आपलं ॲप कुठलं माप लावतं ते आधी तपासा. मूल आसपास नसताना एक खोटं प्रोफाइल बनवा: वय १०, मुलगी, उंची १३८, आणि हातानं वजन भरा ३१.५. ‘अंडरवेट’ आलं तर माप मोठ्यांचं आहे. ॲपनं वय स्वीकारलंच नाही, किंवा फक्त वजन दाखवून गप्प बसलं, तर ते बरं ॲप. तपासणी झाली की प्रोफाइल पुसून टाका.

‘बॉडी फॅट’चा आकडा तर मुलांच्या बाबतीत सरळ सोडून द्या. काटा तळपायांतून अगदी क्षीण वीजप्रवाह सोडतो, त्याला होणारा अडथळा मोजतो आणि सूत्रानं चरबीचा अंदाज बांधतो. सूत्र मोठ्यांच्या शरीरावरून बनवलेलं असेल तर मुलांसाठी ते चुकतं. शिवाय ओले पाय, नुकतंच प्यायलेलं पाणी किंवा खेळून आलेला घाम यांनीही आकडा हलतो.

मग मुलाचं प्रोफाइल ॲपमधून काढून टाका. मोजायचंच असेल तर ‘गेस्ट मोड’, म्हणजे कुणाच्या नावावर नोंद न करता मोजायची सोय, वापरा. हे महत्त्वाचं, कारण बरेच काटे माणूस वजनावरून ओळखतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं वजन आईच्या जवळपास आलं की तिची नोंद आईच्या नावावर जाते; मग बीएमआय आईच्या उंचीनं काढला जातो आणि ‘वजन वाढलं’ असं नोटिफिकेशन येतं. ती नोटिफिकेशनं बंद करा. काटा बाथरूमच्या दारात ठेवू नका, कपाटात ठेवा. समोर असला की मुलं येता-जाता चढतात. मनगटावरच्या घड्याळातही कॅलरीऐवजी हालचालीची मिनिटं दाखवण्याची सोय असेल तर तीच निवडा. ॲपलच्या घड्याळात १३ वर्षांखालच्या मुलांसाठी ती आहे.

वाढीवर लक्ष ठेवायला सहा महिन्यांतून एकदा मोजणं पुरे. बूट-मोजे काढून, अंबाडा किंवा उंच पोनी सोडून मुलाला भिंतीला उभं करा: टाचा, ढुंगण, पाठ भिंतीला, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक आडवं टेकवून पेन्सिलीची खूण करा आणि धातूच्या टेपनं मोजा. उंची दोन सेंटिमीटर कमी मोजली तर वरच्या मुलीचा बीएमआय १६.५ चा १७ होतो. आकडे भारतीय बालरोग अकादमीच्या ५ ते १८ वर्षांच्या तक्त्यावर मांडा. मुलींचा आणि मुलांचा तक्ता वेगळा असतो. एका ठिपक्यावरून काही ठरवू नका. दोन-तीन नोंदींमध्ये ठिपके जोडणारी रेषा तक्त्यातली वरची किंवा खालची पट्टी सतत ओलांडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वयात येताना मुलींच्या कमरेवर, मांड्यांवर चरबी येते आणि वजन भराभर वाढतं. त्या वर्षांत काट्याचा आकडा सगळ्यात जास्त घाबरवतो, आणि बहुतेकदा विनाकारण.

शिक्का मुलानं आधीच वाचला असेल तर “कुठे काय, छानच दिसतेस” म्हणून विषय उडवू नका. लपवाछपवी मुलांना लगेच कळते. “अगं, हे ॲप मोठ्यांच्या मापानं मोजतं. तू अजून वाढतेयस, तुझं माप वेगळं आहे” असं सांगा आणि तक्ता उघडून तिचा ठिपका दाखवा. वजन खरंच जास्त असेल तर तिच्या एकटीचं ताट वेगळं करू नका. गोड पेयं आणि चिप्सची पाकिटं सगळ्या घरासाठीच कमी करा. आजी-आजोबांनाही विश्वासात घ्या. “किती सुकलीस गं” आणि “ढोल्या झालाय नुसता” ही दोन्ही वाक्यं ॲपइतकीच खोल रुततात, आणि ती सणासुदीला चारचौघांत बोलली जातात.

शाळेचंही बघा. खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत बीएमआय आहेच, त्यामुळे मोजणं टळत नाही. पण पद्धत बदलता येते. पीटीच्या सरांना किंवा बाईंना भेटून विनंती करा: एका वेळी एकच मूल, काटा पडद्याआड, आकडा मोठ्यानं न वाचता थेट नोंदवावा, यादी फळ्यावर लावू नये. मदतीला एखादे पालक उभे राहायला तयार असले की शाळा सहसा नाही म्हणत नाही.

मुलगा असो वा मुलगी, पुढचं काही दिसलं तर पुढच्या मोजणीची वाट पाहू नका: दिवसातून अनेकदा वजन करणं, डबा तसाच परत येणं किंवा गुपचूप टाकून देणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, उकाड्यातही सैल, अंगभर कपड्यांचा हट्ट, पोहायला किंवा पीटीला नकार, पाळी थांबणं. बालरोगतज्ज्ञांना त्याच आठवड्यात भेटा; चक्कर आली, किंवा पाणीही घेणं सोडलं, तर त्याच दिवशी. मानसिक आधारासाठी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. डॉक्टरकडे जाताना ॲपचा स्क्रीनशॉट नको, उंची-वजनाच्या तारखांसह नोंदी न्या.