घर सोडल्यावर आलेलं बिल आणि क्रेडिट फाइलवरचा डिफॉल्ट: ब्रिटनमध्ये तक्रार कशी लढवावी

आपल्याकडे विजेचं बिल थकलं की लाइनमन येऊन वीज तोडतो आणि पैसे भरले की जोडून देतो. विषय तिथेच मिटतो. ब्रिटनमध्ये मात्र बऱ्याच वीज-गॅस कंपन्या तुमच्या भरण्याची माहिती दरमहा क्रेडिट एजन्सींना कळवतात. थकबाकी साधारण तीन ते सहा महिने राहिली की ‘डिफॉल्ट’, म्हणजे पैसे बुडवल्याची नोंद, लागतो आणि तो ६ वर्षं फाइलवर राहतो. लेस्टरचं भाड्याचं घर सोडून पुण्याला परतलेला विद्यार्थी असो की लंडनमध्येच घर बदललेलं जोडपं, पुढचा कर्जाचा अर्ज फेटाळला जाईपर्यंत त्यांना पत्ताही नसतो. शेवटचं बिल जुन्या दारात पडून असतं.

डिफॉल्ट दिसला की बहुतेक जण थेट क्रेडिट एजन्सीकडे धाव घेतात. तिथे आठवडे फुकट जातात. एजन्सी स्वतः काही तपासत नाही, कंपनीला विचारते. कंपनी ‘नोंद बरोबर आहे’ म्हणाली की प्रकरण बंद. म्हणून आधी बिल खोटं पाडायचं आणि नोंद काढण्याची मागणी त्याच तक्रारीत करायची.

सुरुवात एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही एजन्सींच्या मोफत वैधानिक अहवालांपासून करा. अ‍ॅपमधल्या स्कोअरच्या आकड्याचा इथे उपयोग नाही. मागच्या ६ वर्षांतले सगळे पत्ते भरा, नाहीतर जुन्या पत्त्यावरची नोंद दिसणारच नाही. कंपनीचं नाव, खाते क्रमांक, डिफॉल्टची तारीख, रक्कम आणि पत्ता लिहून घ्या. एकच थकबाकी मूळ कंपनी आणि वसुली कंपनी अशा दोघांच्या नावे लागली आहे का, तेही पाहा.

आता बिल. ताबा कोणत्या तारखेला घेतला आणि सोडला, त्या दिवशी मीटरचं रीडिंग काय होतं, यावर जवळपास सगळं ठरतं. भाडेकरार, एजंटने केलेली इन्व्हेंटरी, म्हणजे घरातल्या वस्तूंची यादी (त्यात बहुधा मीटरचा फोटो असतो), चाव्या परत दिल्याची ई-मेल आणि नव्या घराच्या काउन्सिल टॅक्सचं (स्थानिक घरपट्टीचं) बिल, एवढी कागदं जमवा. घर सोडताना रीडिंग दिलं नसेल तर कंपनी अंदाजे आकडा धरते. बिलावर रीडिंगशेजारी ‘ई’ किंवा ‘एस्टिमेटेड’ लिहिलं असेल तर पहिला मुद्दा हाच.

मग मीटर तुमचाच आहे का ते तपासा. फ्लॅटच्या इमारतींत मीटरची अदलाबदल वाटते त्याहून जास्त वेळा होते. मीटरवरचा अनुक्रमांक बिलावरच्या अनुक्रमांकाशी जुळवा. अजून त्याच घरात असाल तर मेन स्विच बंद करून मीटरकडे पाहा. मीटरवरचा दिवा लुकलुकत राहिला किंवा आकडा पुढे सरकला, तर शेजाऱ्याची वीज तुमच्या नावावर पडत असावी, किंवा मीटरच बिघडलेला असावा.

गॅसच्या बिलात एक चूक ठरलेली असते. जुने मीटर घनफुटांत मोजतात, नवे घनमीटरमध्ये. मीटरवर ‘एफटी³’ की ‘एम³’ ते लिहिलेलं असतं. घनमीटरचा मीटर कंपनीच्या नोंदीत घनफुटांचा असेल तर वापर जवळपास २.८३ पट दिसतो. बिल नेहमीच्या सुमारे पावणेतीनपट आलं की पहिला संशय इथे घ्यावा.

बिल उशिरा आलं असेल तर आणखी एक हत्यार आहे. ऑफजेम या नियामकाच्या २०१८ पासूनच्या नियमाप्रमाणे, चूक कंपनीची असेल तर बिलाच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांपलीकडच्या वापराचे पैसे तिला घरगुती ग्राहकाकडून मागता येत नाहीत. मीटरपर्यंत जाऊच दिलं नाही असं काही ग्राहकाने केलं असेल, तर हे संरक्षण मिळत नाही.

तक्रार फोनवर नको, ई-मेलने करा आणि विषयात ‘औपचारिक तक्रार’ असं स्पष्ट लिहा, कारण पुढची मुदत त्या दिवसापासून मोजली जाते. पत्र एका पानाचं पुरे. बिलातला कोणता आकडा चूक आहे आणि का, त्याचा पुरावा काय, तुमच्या हिशेबाने खरी रक्कम किती, एवढं लिहा. मागण्या तीन: बिल दुरुस्त करा, तोवर वसुली थांबवा, आणि डिफॉल्ट तिन्ही एजन्सींकडून पूर्ण काढून टाका. ‘अपडेट करा’ असं मोघम लिहिलंत तर कंपनी नोंदीपुढे ‘सॅटिस्फाइड’, म्हणजे फेडलेली, असा शिक्का मारते आणि डिफॉल्ट ६ वर्षं तिथेच राहतो.

भीतीपोटी सगळी रक्कम भरून टाकणाऱ्यांचंही हेच होतं. पैसे जातात, डाग राहतो. जेवढी रक्कम मान्य आहे तेवढी जरूर भरा आणि उरलेल्या रकमेवर वाद आहे, हे त्याच दिवशी लेखी कळवा. ‘सद्भावना म्हणून ५० पाउंड देतो, प्रकरण बंद करू’ असा फोन आला तर नोंदीचं काय, ते लेखी विचारल्याशिवाय हो म्हणू नका. वसुली कंपनीचं पत्र आलं तर तिलाही रक्कम वादात असल्याचं लेखी कळवा.

तक्रारीसोबतच ‘सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट’, म्हणजे कंपनीकडे असलेली तुमची माहिती मागणारा अर्ज, पाठवा. ती मोफत असते आणि साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. मागायचं काय? रीडिंगचा पूर्ण इतिहास, खात्यावरची टिपणं, आणि डिफॉल्ट लावण्याआधी पाठवलेली सूचना कोणत्या पत्त्यावर गेली ते. अशी सूचना किमान २८ दिवस आधी पाठवावी, अशी या क्षेत्राची स्वतःचीच तत्त्वं सांगतात. नवा पत्ता कंपनीकडे असूनही सूचना जुन्या घरी गेली असेल, तर बिल काही अंशी खरं असलं तरी नोंद काढायला लावण्यासाठी तो भक्कम मुद्दा होतो. शिवाय यूके जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम १६ खाली दुरुस्ती आणि कलम १८ खाली तपासणी होईपर्यंत त्या माहितीच्या वापरावर निर्बंध मागता येतात.

कंपनीकडे ८ आठवडे असतात. ते उलटले, किंवा त्याआधी ‘डेडलॉक’ पत्र, म्हणजे ‘आमच्याकडून आणखी काही होणार नाही’ असं कंपनीचं पत्र, मिळालं, की एनर्जी ओंबड्समन या स्वतंत्र तक्रार-निवारकाकडे जा. डेडलॉक पत्र मिळाल्यापासून १२ महिन्यांच्या आत अर्ज हवा. फी नाही, वकील लागत नाही, भारतात बसून ऑनलाइन करता येतं. ओंबड्समन बिल दुरुस्त करायला, नोंद काढायला आणि १०,००० पाउंडांपर्यंत भरपाई द्यायला सांगू शकतो. निर्णय तुम्ही स्वीकारलात तर तो कंपनीला बंधनकारक, आणि अंमलबजावणीला २८ दिवस. अर्जात नुकसान मोघम लिहू नका. मॉर्गेज (घरकर्ज) नाकारल्याचं पत्र, त्याची तारीख आणि त्यामुळे वाढलेला व्याजदर कागदासह जोडा. मनस्तापाची चार पानं लिहून फारसं हाती लागत नाही.

एजन्सीकडे आता जा. वाद नोंदवला की त्या नोंदीवर तशी खूण होते आणि साधारण २८ दिवसांत उत्तर येतं. ते विरोधात गेलं तरी २०० शब्दांपर्यंतचं स्वतःचं निवेदन नोंदीशेजारी लावायचा हक्क आहे. मॉर्गेज तोंडावर असेल तर विचार करून लावा: निवेदन असलं की माणसाला फाइल वाचावी लागते आणि अर्ज रेंगाळतो.

या सगळ्यात कोर्टाचं पत्र आलं तर बाकी कामं बाजूला ठेवा. इंग्लंड-वेल्समध्ये दाव्याला उत्तर द्यायला १४ दिवस असतात, आणि दावा मिळाल्याची पोच भरून पाठवली तर २८. गप्प राहिलात तर सीसीजे, म्हणजे कोर्टाचा निकाल, लागतो आणि तोही ६ वर्षं राहतो. दावा जुन्या पत्त्यावर गेल्यामुळे निकाल परस्पर लागला असेल, तर एन२४४ अर्जाने तो रद्द करून मागता येतो. समजल्याबरोबर अर्ज करा, कारण उशीर का झाला हे न्यायाधीश विचारतात.

भारतात परतलेल्यांना सिबिलची धास्ती असते. ट्रान्सयुनियन हे नाव दोन्हीकडे दिसत असलं तरी ब्रिटनमधली ही नोंद सिबिलच्या अहवालात उतरत नाही. पुन्हा ब्रिटनला जायचं असेल तर मात्र ती तिथे तुमची वाट पाहत असते.

कंपनीने मान्य केलं तरी माहिती महिन्यातून एकदाच जाते, त्यामुळे नोंद पुसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्यात कर्ज घ्यायचं असेल तर ‘डिफॉल्ट चुकीने लावला होता, काढत आहोत’ असं लेटरहेडवरचं पत्र मागून ब्रोकरला द्या. सहा आठवड्यांनी तिन्ही अहवाल पुन्हा काढा. दोन ठिकाणी नोंद गेली आणि तिसऱ्या ठिकाणी राहिली, असं नेहमी होतं.