सागरी पोलीसात जायचंय? आधी पोहायला शिका

भरतीची तयारी करणारी पोरं विचारत असतात की दादा सागरी पोलीस ठाण्यात पोस्टिंग मिळाली तर कसं असतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. मी रायगड किनाऱ्यावर पाच वर्षं काढली, आता बदली झालीये.

भरतीचं सगळ्यांना माहितीये. मैदानी ५० मार्कांची (१६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक), लेखी १०० ची. गोळा किती लांब टाकतोस ते बघतात पण पोहता येतं का हे मला कोणी विचारलं नव्हतं! मी घाटावरचा, समुद्र पाहिलेला फक्त सहलीत. पहिल्याच गस्तीला बोट खाडीच्या तोंडातून बाहेर पडली आणि पोटातला सगळा नाश्ता बाहेर, सोबतचा तांडेल (बोट चालवणारा) हसला नाही हे त्याचे उपकार, म्हणाला आमसूल तोंडात धर आणि खाली बघू नको, लांब आकाश टेकतं तिथे बघ. आजही तेच करतो. तर ट्रेनिंगपासूनच पोहणं शिकून घ्या.

कोणाची हद्द कुठपर्यंत यात नवीन पोरं फार गोंधळतात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत आपण, त्यापुढे २०० पर्यंत कोस्ट गार्ड, आणि २६/११ नंतर एकूण समुद्री सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे. कोस्ट गार्डमध्ये जायचं असेल तर तो वेगळा रस्ता, नाविक जीडी (जनरल ड्युटी) या पदाला बारावी गणित-फिजिक्स लागतं, ७ मिनिटात १.६ किमी, २० उठाबशा, १० पुशअप्स, मग ओडिशात आयएनएस चिल्काला ट्रेनिंग.

आता खरं काम. पिक्चरसारखा बोटींचा पाठलाग वगैरे पाच वर्षात मी एकदाही केला नाही. काम म्हणजे लँडिंग पॉइंट (जिथे बोटी किनाऱ्याला लागतात त्या जागा) फिरणं, बोटीचा नंबर, रजिस्ट्रेशन, खलाशांची ओळखपत्रं बघणं, आणि परत आल्यावर डायरी. २० मीटरहून लांब बोटींना एआयएस (बोटीची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र) असतं, त्यामुळे अशी बोट रडारवाल्यांना दिसते. पण आपल्याकडच्या बहुतेक होड्या त्याहून लहान, लाकडी, रडारवर त्या लाटेतून वेगळ्या ओळखणं अवघड जातं. मग कोळी लोकच आपले डोळे. २००८ ला बधवार पार्कजवळ ते दहशतवादी उतरले तेव्हा मच्छीमार वस्तीतल्या लोकांनी त्यांना हटकलं होतं, कोण रे तुम्ही म्हणून. यंत्रणेच्या आधी वस्तीला दिसले. म्हणून बंदरावर गेलात की काठी आपटत फिरू नका, नाखवाशी (होडीच्या मालकाशी) नीट बोला, जेट्टीवर मासळी निवडणाऱ्या मावश्यांना नावानिशी ओळखा. एखादी अनोळखी बोट खाडीत आली तर पहिला फोन त्यांचाच येणार.

आणि तिथी शिका, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे पाण्याची चढउतार कमी. खाडीची जी तोंडं गाळाने भरलीयेत तिथे एरवी होडी शिरत नाही पण उधाणाच्या भरतीला बरोबर शिरते. एका सागर कवचमध्ये (किनारा सुरक्षेचा सराव) आम्ही नेहमीच्या जेट्टीवर नाकाबंदी लावून बसलो आणि रेड टीमवाले (सरावात हल्लेखोर बनलेले) अशाच एका खाडीतून आत येऊन खोट्या बॉम्बचं खोकं ठेवून गेले, सकाळी साहेबांनी जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. त्यानंतर मी रात्रपाळी घेताना आधी कॅलेंडर बघायचो.

पावसाळ्यात सगळ्यांना वाटतं आता आराम, बोटी वर ओढलेल्या, मासेमारी बंद. माझ्या मते उलट आहे, कोळी समुद्रात नाहीत म्हणजे आपले डोळेच बंद, आपली गस्तीची बोटही त्या लाटांत फार बाहेर जात नाही. २०११ मध्ये पवित नावाचं सोडून दिलेलं जहाज ओमानच्या बाजूने वाहत वाहत थेट जुहूला येऊन रुतलं, तोपर्यंत कोणाला पत्ता नाही. जुलै अखेर होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला लेडी हान ही नौका तीन एके-४७ सकट किनाऱ्याला लागली. नंतर निघालं की मालकीण ऑस्ट्रेलियन, इंजिन बिघडल्यावर माणसांना मस्कतजवळ वाचवलेलं आणि रिकामी बोट वाहत आलेली, घातपात नव्हताच. पण १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या आधी शेखाडीला आरडीएक्स उतरलं ते याच श्रीवर्धन तालुक्यात, त्यामुळे ही नौका सापडली तेव्हा रायगडात सगळ्यांची किती धावपळ झाली असेल विचार करा. पावसात किनाऱ्यावर पायी गस्त घालायला कंटाळू नका, गमबूट स्वतःचे घ्या, सरकारी मापाचे मिळतीलच असं नाही.

फोनमध्ये १०९३ (सागरी पोलीस) आणि १५५४ (कोस्ट गार्ड) सेव्ह करा, आणि बंदरावरच्या पोरांनाही करायला लावा. पोहण्याचा क्लास कुठे लावायचा म्हणाल तर तालुक्याच्या तलावात सकाळी सहाला जा, मी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी शाळेतल्या पोरांसोबत शिकलोय, पाठीला तरंगणारा डबा बांधून.